साखराबाईच्या दगडाचे दोन तुकडे

दगड कापायची करवत आमच्या घरी आली तेव्हा गच्चीवर साबुदाण्याच्या चिकवड्या वाळत होत्या, आणि त्या दिवशी आमचा संसार टिकला तो केवळ यंत्राचं बटण दाबताच सगळ्या गल्लीची वीज गेली म्हणून. नाहीतर पहिल्याच दगडाची पांढरी रबडी त्या चिकवड्यांवर उडाली असती. ती दुसऱ्या दिवशी उडाली. पण तोपर्यंत माझ्या बायकोचा, साधनाचा, राग माझ्यात आणि शेजारच्या रामकिसनभाऊंमध्ये निम्मा निम्मा वाटला गेला होता, कारण "गच्चीवर ठेवा सर, हवेशीर राहील" हा सल्ला त्यांचा होता. रामकिसनभाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले आहेत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सल्ल्यांशिवाय दुसरं काही शिल्लक राहिलेलं नाही, आणि ते हातचं राखून देत नाहीत.

मी भोकरदनच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. दख्खनचं पठार लाव्ह्यापासून बनलं, हे वाक्य मी आजवर इतक्या वर्गांना सांगितलं आहे की, लाव्हा माझ्या देखरेखीखालीच थंड झाला असावा असं मला कधीकधी वाटतं. थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, पोकळ्यांत गारगोट्या तयार झाल्या, हेही मी शिकवतो. पण गारगोटीच्या आत काय असतं ते मी स्वतः पाहिलं नव्हतं. वेरूळला सहल घेऊन गेलो तेव्हा एका दुकानात अकिकाची, म्हणजे कापलेल्या गारगोटीची, पातळ चकती पाहिली. उजेडासमोर धरली तर आत निळसर, करडी, पांढरी वलयं, एकात एक. दुकानदार म्हणाला, "आप के ही इलाके का माल है, साहब." तिथं माझा अभिमान दुखावला. आमच्या केळणा नदीतला दगड, जो मी लहानपणी कुत्र्यांना मारायचो, तो परगावी जाऊन शिकूनसवरून परत आला होता आणि मला ओळख देत नव्हता.

मग घरीच दगड कापायचे असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. संभाजीनगरच्या एका गृहस्थांनी हा छंद सोडला होता, त्यांच्याकडून करवत मिळाली. यंत्र गाडीत चढवून देताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न का होता, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

करवत म्हणायची, पण तिला दात नसतात. लोखंडी पेटी, तळाशी पाण्याचा ट्रे, वर एक पातळ गोल पातं, आणि दगड आवळून धरायला शिकंजा. पात्याच्या कडेवर हिऱ्याची बारीक पूड बसवलेली असते आणि तीच दगड कापते. ही शास्त्रीय माहिती मी रामकिसनभाऊंना दिली. ती माझी चूक. त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं, "हिरा हाय म्हणता याच्यात?" असं हळू आवाजात विचारलं आणि घरी गेले. त्यांच्या मालनबाई दुपारी भाजी निवडायला ओट्यावर बसल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत दोन गोष्टी सिद्ध झाल्या होत्या. एक, सरांच्या घरात हिरा आहे. दोन, सर मान्य करत नाहीत.

यंत्राचा आवाज असा होता की, खालच्या खोलीत बसलेल्या माणसाला आपली दाढ कोरली जात असल्याचा भास व्हावा. शिवाय ते दगड कापायचं फार सावकाश. घाई केली की पातं अडकायचं, पातं अडकलं की गल्लीचा फ्यूज जायचा, आणि फ्यूज गेला की गल्लीतले लोक आपापल्या दारात येऊन आमच्या गच्चीकडे बघायचे. कुणीतरी तक्रार केली. एक सरकारी गृहस्थ चौकशीला आले. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे.

"हे घरगुती हाय का धंद्याचं?" त्यांनी विचारलं.

"छंद आहे," मी म्हणालो.

"छंद आमच्यात बसत नाही. घरगुती म्हणलं तर मोटर कशाला? धंदा म्हणलं तर परवाना कुठंय?" मग त्यांनी कोपऱ्यातला ढीग पाहिला. "दगड कुठून आणले?"

"नदीतून."

"मंग हे गौण खनिज झालं, सर. वाहतूक कशानं केली?"

"पिशवीतून. भाजीच्या."

त्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. भाजीच्या पिशवीवर कारवाई करता येते की नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका असावी. शेवटी त्यांनी चहा घेतला, खिशातून लिंबाएवढा एक दगड काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आता आलोच हाय तर एवढा जरा कापून पाहा. आमच्या सासऱ्याच्या वावरातला हाय."

त्याच्या आत निळी वलयं निघाली. साहेबांनी दोन्ही फाका रुमालात बांधल्या आणि तक्रारीचा विषय पुन्हा निघाला नाही. पण गावभर गेलेली ही बातमी मला भोवली. कारण मग लोक दगड घेऊन येऊ लागले. आष्टीहून मालनबाईंच्या भाच्यानं पिशवीभर दगड पाठवले. एकानं जुन्या जात्याचा तुकडा आणला. एका पालकांनी मुलाच्या मूत्रपिंडातून निघालेला खडा कागदात बांधून आणला आणि तो कापता येतो का, असं आपुलकीनं विचारलं. मी सगळ्यांना वेळ देत होतो. शाळा सुटली की लुंगी नेसायची, कानात कापूस घालायचा आणि गच्चीवर जायचं. साधना म्हणायची, "तुम्ही घरात असून सुद्धा ऐकू येत नाही तुम्हाला." ते खरं होतं. फक्त ते करवतीमुळे नव्हतं.

हळूहळू मला एक वाईट सवय लागली. दगड न कापताच आत काय आहे ते मी सांगू लागलो. हातात घ्यायचा, वजन जोखायचं, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचं, "भरीव आहे. रंग करडा." चारपाच वेळा बरोबर आलं. मग काय विचारता. वर्गात मुलं मान देत नाहीत, घरी रिमोट मिळत नाही, अशा माणसाला लोक हात जोडून "सर, तुम्ही नुसतं हातात घेऊन सांगा" म्हणू लागले, तर त्याचं डोकं किती दिवस जागेवर राहणार?

अशा दिवसांत साखराबाई आली.

जाफराबादच्या रस्त्याला गावाबाहेर धनगरांची वस्ती आहे, तिथली ही म्हातारी. बरोबर तिचे दोन मुलगे होते, पण ते दोघं एकमेकांबरोबर नव्हते. थोरला रायभान मेंढरं राखतो, धाकटा सुग्रीव सरकी काढायच्या कारखान्यात मजुरीला जातो. थोरला माझ्या दाराच्या डाव्या अंगाला उभा राहिला, धाकटा उजव्या अंगाला, आणि मध्ये ही बाई कापडात बांधलेला नारळाएवढा दगड पोटाशी धरून.

"मास्तर," ती म्हणाली, "माह्या मालकानं हिरीच्या खोदकामात काढल्ता हा. भिवा नाव त्याचं. म्हणला, साखरे, याच्यात माल हाय, फोडू नको, सांभाळ. तो तर गेला. म्या कणगीत ठिवला. आता हे दोघं बोलत न्हाईत. ज्याच्या घरी दगड त्याच्या घरी आई. म्या धाकट्याकडं दोन घास खाल्ले की थोरला म्हणतो, दगड तिकडं चालला. तुम्ही याचे बराबर दोन करून द्या. एक याला, एक त्याला. मंग मी मोकळी."

"माल हाय का न्हाई तेवढं आधी सांगा, सर," उजवीकडून सुग्रीव म्हणाला.

"त्याला म्हणावं, सर सांगतीनच," डावीकडून रायभान म्हणाला. बोलला माझ्याकडे बघून, ऐकवलं भावाला.

इथं मी "कापल्यावर कळेल" असं म्हणायला हवं होतं. मी दगड हातात घेतला. चांगला जड होता. डोळे किंचित मिटले. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. "आजी," मी म्हणालो, "भिवाबाबांची पारख खरी होती. आत रंग आहे."

त्या बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि खाली जमिनीला हात लावून नमस्कार केला. मला नाही, बहुधा नवऱ्याला.

दगड मोठा होता, कापायला वेळ लागणार होता, म्हणून मी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. पातं एका बाजूनं पुरेना. निम्मा कापला, फिरवला, पुन्हा शिकंज्यात आवळला, दुसऱ्या बाजूनं लावला. ट्रेमधलं पाणी पांढरं व्हायचं सोडून काळपट होऊ लागलं. मी ते ओतून नवं भरलं, तेही काळपट झालं. शेवटी दोन्ही फाका सुटल्या. मी त्यांवर पाणी ओतलं, उन्हात धरलं, पुन्हा पाणी ओतलं. आत काही नव्हतं. वलय नाही, स्फटिक नाही, पोकळी सुद्धा नाही. आरपार काळा दगड. डांबरी रस्त्याखाली खडी अंथरतात, तसला.

साधना चहा घेऊन वर आली. तिनं दोन्ही फाका पाहिल्या.

"निघालं ते सांगून टाका," ती म्हणाली.

"त्या म्हातारीला काय वाटेल?"

"तिला काय वाटेल, का तुम्ही आधीच सांगून बसलात त्याचं लोकांना काय वाटेल?"

बायकोच्या अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, म्हणून मी दिलं नाही. पण मला खरोखर त्या म्हातारीचा चेहराच दिसत होता, असं मी आजही शपथेवर सांगेन. मग स्वतःचा दिसत होता. दोन्ही चेहरे एकाच वेळी वाचवायचा मार्ग माझ्या फळीवर ठेवलेला होता. केळणेत सापडलेला माझा सगळ्यात सुंदर अकीक, मधोमध कापलेला, दोन्ही फाकांत निळ्या वलयांमध्ये पांढरा डोळा. मी त्या दोन फाका साखराबाईच्या कापडात बांधल्या, आणि तिच्या काळ्या फाका जिन्याखाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी कापड सोडलं तेव्हा रायभान आणि सुग्रीव दोघंही एकदम पुढे वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. निळ्या वलयांपुढे आकाराकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. साखराबाईनं मात्र फाक हातात घेतली, खालीवर केली आणि मला विचारलं, "मास्तर, हा हलका कसा झाला वं?"

"आजी, आतलं पाणी निघून गेलं," मी म्हणालो. भूगोलाच्या माणसानं उभ्या आयुष्यात इतकं खोटं वाक्य उच्चारलं नसेल. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं, फाका मुलांना दिल्या आणि रिकामं कापड घडी घालून कमरेला खोचलं.

त्या संध्याकाळी मी दोनदा जेवलो. एक सत्कृत्य पार पडल्याचं समाधान पोटात मावत नव्हतं.

पुढं जे झालं त्याचा विचार मी करायला हवा होता, पण सत्कृत्य करणारा माणूस पुढचा विचार करत नाही. दोघं भाऊ आपापली फाक घेऊन, एकमेकांना न सांगता, संभाजीनगरला विचारायला गेले. ज्यानं त्यानं आपली गाडी वेगळी पकडली. तिथं दगडांची दुकानं मोजकी, त्यामुळे दोघं एकाच दुकानात भेटले. दुकानदारानं सांगितलं की, दगड देखणा आहे, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायला चांगला. मग त्यानं सहज दोन्ही फाका एकमेकींवर ठेवल्या. झालेला दगड जेमतेम पेरूएवढा भरला.

सुग्रीवनं तो पेरू हातात घेऊन जोखला, असं मला नंतर कळलं. मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो भावाशी बोलला. म्हणाला, "दादा, हा आपला दगड न्हाई."

दोघं माझ्याकडे आले ते एकाच मोटरसायकलवर. रविवार होता, सगळी गल्ली घरी होती.

"सर, आमचा दगड द्या," रायभान म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सगळं सांगितलं. तुमच्या दगडात काही निघालं नाही, आईला वाईट वाटेल म्हणून मी माझा दिला. मी जिन्याखालून त्या काळ्या फाका आणल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. आता खरं बोललो आहे, आता सुटलो, असं मला वाटलं.

सुग्रीवनं पायानं एक फाक उलटी केली. "ही तर रोडवरची खडी हाय."

"हाच तुमचा दगड आहे. नीट बघा."

"सर, आमचा बाप येडा नव्हता," रायभान म्हणाला. "अशी खडी त्यानं सांभाळाय सांगितली असती व्हय? तुम्हीच हातात घेऊन म्हणले, आत रंग हाय. मंग रंग कुठं गेला?"

माझा अकीक मीच खोटा ठरवला होता, आणि त्यांची खडी खरी म्हणून कुणी घेत नव्हतं. मी मदतीसाठी रामकिसनभाऊंकडे पाहिलं. ते कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून ऐकत होते. त्यांनी अतिशय जिव्हाळ्यानं सल्ला दिला. "सर, गरीब लोक हायेत. देऊन टाका ना."

मालनबाई म्हणाल्या, "मी म्हणलंच होतं, हिरा हाय."

त्यानंतरचा महिना मला आठवावासा वाटत नाही. भाऊ रोज यायचे. शिव्या दिल्या तर एकमेकांचा शब्द तोडत नसत, पाळीपाळीनं द्यायचे. ठाण्यातून एक हवालदार येऊन गेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, "पण निघालं काय होतं, सर? मला सांगायला हरकत न्हाई." मुख्याध्यापकांनी बोलावून शाळेच्या प्रतिष्ठेबद्दल सांगितलं. दहावीच्या वर्गात मी खनिजसंपत्ती हा धडा काढला तर मागच्या बाकांवरून असा काही खोकला उठला की, मी तो धडा पुढं ढकलला. करवत विकायला काढली, तर बघायला येणारा प्रत्येक जण आधी ट्रेमधला गाळ चिवडायचा.

एका दुपारी साखराबाई एकटी आली. शेअर जीपनं आली होती, थकली होती. साधनानं तिला पाणी दिलं. म्हातारी म्हणाली, "तो दुसरा दगड दावा बरं."

मी काळ्या फाका आणून तिच्यासमोर ठेवल्या. तिनं एक उचलली, डोळ्यांनी पाहिलीच नाही. बाहेरच्या पाठीवरून अंगठा फिरवत गेली. एका जागी अंगठा थांबला. तिथं एक उथळ, गुळगुळीत खाच होती. मला ती कधी दिसली नव्हती.

"म्या याच्यावर इळा घासायची," ती म्हणाली. "मालकाला माहीत नव्हतं. त्याचा माल, आन म्या इळा घासायची." ती जरा हसली. "हाच हाय माहा दगड."

माझ्या डोक्यावरून डोंगर उतरला. "चला आजी," मी चप्पल शोधत म्हणालो, "आत्ताच्या आत्ता जाऊ. पोरांना सांगा."

ती हलली नाही. चहा आला, तो तिनं बशीत ओतून सगळा पिऊन घेतला. मग म्हणाली, "मास्तर, खाली बसा."

मी बसलो.

"परवा दोघं एका ताटात जेवले. तुम्हाला शिव्या देत देत जेवले, पण जेवले. सुग्रीवची लेक हाय, छकुली, ती रायभानच्या, मोठ्या बापाच्या, खांद्यावर बसून आली घरी. आता म्या जाऊन सांगितलं की मास्तर खरं बोलून राह्यले, खडीच होती, मंग काय व्हईल? एक म्हणन, बाप येडा. दुसरा म्हणन, आईनं बदलला. परत दोन चुली." तिनं फाक जमिनीवर ठेवली. "आता त्यांला वाटून राह्यलं, बापानं माल ठिवल्ता, मास्तरानं खाल्ला. वाटू द्या."

"पण आजी, मी खाल्ला नाही."

"मला माहीत हाय ना," ती म्हणाली. जणू तेवढं पुरेसं होतं.

मी साधनाकडे पाहिलं. ती कपबशी उचलत होती, मध्ये पडण्याचा तिचा विचार दिसला नाही.

म्हातारी उठली, गुडघ्यावर हात देऊन. दारात थांबली. "एक सांगू का, मास्तर? त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलं असतं ना, तर म्या हे दोन तुकडे दोघाला दिले असते. म्हणले असते, बाबांनो, तुमच्या बापाजवळ एवढंच होतं. जरा वेळ रडले असते. पण ते बी चाललं असतं." मग तिनं फाकांकडे बोट दाखवलं. "घरी नेला तर ते पाहतीन. तुमच्यापाशीच राहू द्या."

मी तिला जीपपर्यंत सोडायला गेलो. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मी तिला गप्प बसायचं काहीतरी देऊन परत पाठवतो आहे. मालनबाईंनी तसं विचारलंही.

मागच्या बाजाराला आम्ही भाजी घ्यायला गेलो होतो. जनावरांच्या बाजूला रायभान आणि सुग्रीव एक बोकड विकायला घेऊन उभे होते. दोरी थोरल्याच्या हातात होती. धाकट्यानं ती आपल्या हातात घेतली आणि त्याला चहा पिऊन यायला सांगितलं, तेव्हा रायभानची नजर माझ्यावर पडली. त्यानं भावाला कोपरानं ढोसलं. दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं की, भोवतालचे चारपाच अनोळखी लोकही माझ्याकडे वळून बघू लागले. जाऊन त्यांना सगळं सांगावं, असं मला इतक्या जोरानं वाटलं की, मी दोन पावलं पुढं टाकली सुद्धा.

साधनानं माझी बाही धरली. "चला," ती हळूच म्हणाली, "मेथी संपेल."

मी चोरासारखी मान खाली घातली आणि तिच्या मागून चालू लागलो.